चारचा आकडा

एका शिंप्याच्या पत्राला मी फार दिवस उत्तर दिलं नाही. पत्र येऊन हिवाळा सरला, तरी ते माझ्या टेबलावर चष्म्याच्या डबीखाली पडून होतं. रेघी कागद, निळी शाई, आणि समास असा सरळ सोडलेला की पट्टी ठेवून आधी खडूने आखला असावा. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

त्याने लिहिलं होतं:

‘माझ्या थोरल्या बहिणीला डाव्या गालाचं दुखणं आहे. विजेचा झटका बसावा तशी कळ येते. दात घासताना येते, बोलताना येते, कधी नुसता वारा लागला तरी येते. मेंदूच्या मुळाशी एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला घासते आहे, असं सर्जन म्हणाले. ऑपरेशन करून दोन्हींच्या मध्ये छोटीशी गादी बसवायची असं ठरलं. तारीखही मिळाली होती. तेवढ्यात ताईच्या हाती आपलं पुस्तक पडलं. त्यात ह्याच दुखण्याच्या एका बाईंची हकिकत आहे. त्या दुखण्याकडे शांतपणे बघायला शिकल्या आणि दहापैकी आठवरून चारवर आल्या, असं आपण लिहिलं आहे. ताईने तारीख रद्द केली. म्हणते, त्यांना जमलं तर मला का नाही जमणार? मला एवढंच विचारायचं आहे, त्या बाई अजून चारवर आहेत का? असतील तर मी ताईच्या मागे लागणार नाही. नसतील तर तिला हाताला धरून सर्जनकडे नेईन. दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे.’

ती बाई म्हणजे माझी बायको.

मी आयुष्यभर एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. शिकाऊ डॉक्टर येऊन ‘काका, ते जाडं लाल पुस्तक’ म्हणत आणि मी ते जाडं लाल पुस्तक काढून देत असे. नियतकालिकं कपाटात लावण्याआधी मी चाळायचो. त्यातलं किती कळत होतं, देव जाणे. संध्याकाळी एका वृद्ध भिक्खूंकडे पाली शिकायला जायचो, तेही अर्धवटच राहिलं. ह्या दोन अर्धवट ज्ञानांची मोट बांधून निवृत्तीनंतर मी एक पुस्तक लिहिलं. दुखण्याविषयी बुद्ध काय म्हणाले आणि आजचे मेंदूचे अभ्यासक काय म्हणतात, एवढाच त्याचा विषय.

बुद्धांचा दोन बाणांचा दृष्टान्त त्यात होता. माणसाला एक बाण लागतो, ते शरीराचं दुखणं. मग तो रडतो, चिडतो, ‘माझ्याच वाट्याला का’ म्हणतो. तो दुसरा बाण. शहाण्याला पहिलाच लागतो, दुसरा लागत नाही. इकडे अभ्यासकांनी ध्यान करणाऱ्या माणसांना यंत्रात झोपवून त्यांच्या पायाला चटके दिले आणि त्यांचे मेंदू पाहिले. चटका किती तीव्र आहे हे कळणं आणि तो किती नकोसा आहे हे वाटणं, ही दोन कामं मेंदूत बऱ्याच अंशी वेगवेगळी चालतात असं त्यांना दिसलं. मुरलेल्या साधकाला चटका इतरांइतकाच कळतो, पण इतरांइतका छळत नाही. अडीच हजार वर्षांच्या अंतराने दोघे एकच दार ठोठावत आहेत, असं मी लिहिलं. त्या वेळी हे वाक्य मला फार आवडलं होतं. तीन दिवस मी ते मनात घोळवत फिरत होतो.

प्रकाशकाने हस्तलिखित वाचलं आणि म्हणाला, ‘सगळं ठीक आहे हो. पण एखादं जिवंत माणूस घाला ना ह्यात. नुसते उंदीर आणि भिक्खू आहेत.’

जिवंत माणूस माझ्या घरातच होतं.

बायकोच्या उजव्या गालात ते सुरू झालं तेव्हा आम्हाला दाताचंच वाटलं. दोन चांगले दात फुकट गेले. मग निदान झालं, गोळ्या आल्या, गोळ्यांनी तिला गरगरायला लागलं. ती घरातही तोंडाला लोकरीचा रुमाल गुंडाळून वावरू लागली. पंख्याखाली बसेना. दुधात पाव भिजवून डाव्या बाजूने गिळायची. मी तिला संध्याकाळी खिडकी लावून समोर बसवायला लागलो.

‘कळ आली की तिच्याशी भांडू नकोस,’ मी सांगायचो. ‘नुसतं म्हण, कळ आहे. माझी कळ, असं म्हणू नकोस.’

‘मग कोणाची म्हणू? शेजारणीची?’

पण ती बसली. मी हातात पेन्सिल घेऊन विचारायचो, ‘किती?’ शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे ह्याहून जास्त असूच शकत नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली, आठ. काही आठवड्यांनी सात. मग सहा. मग चार, आणि तिथे आकडा स्थिरावला. दवाखान्यातही डॉक्टर विचारत, ‘किती?’ तेव्हा ती आधी माझ्याकडे बघायची आणि मग म्हणायची, ‘चार.’ ते बघणं मला दिसत होतं. ती माझ्याकडे कृतज्ञतेने बघते आहे, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

तेच माझं सातवं प्रकरण. पुस्तक छापून आलं आणि संध्याकाळचं आमचं विचारणं आपोआप बंद पडलं.

शिंप्याचं पत्र आलं तेव्हा मला आनंदच झाला, हे सांगायला हवं. पुस्तकाच्या प्रती प्रकाशकाच्या गोदामात धूळ खात होत्या, आणि इथे कोणीतरी अनोळखी माणूस ते वाचून पत्र लिहीत होता. मी पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि मोठ्याने वाचून दाखवलं. बायको ओट्याशी पाठमोरी होती. पत्र संपलं तरी ती वळली नाही.

‘लिहा ना, काय लिहायचं ते,’ म्हणाली आणि नळ सोडला.

मी लगेच लिहिलं नाही. बायको समोर होती, तिला विचारून आकडा कळवता आला असता. पण घरी तोंडी विचारलेला आकडा मला कच्चा वाटला. विद्यार्थ्यांना संदर्भ काढून देता देता माझं आयुष्य गेलं. छापील किंवा निदान सहीशिक्क्याची नोंद असल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही. दवाखान्याची पुढची तारीख जवळ आली होती. तिथे फाइलमध्ये ताजा आकडा पडेल, मग तो तारखेसकट कळवू, असं मी ठरवलं. ती तारीख एकदा पुढे गेली, मग बायकोला सर्दी झाली म्हणून आणखी पुढे गेली. शिंप्याचं पत्र डबीखाली थांबलं.

आमचे जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे बायकोच्या मागोमाग आत शिरलो, खुर्ची ओढली, पेन्सिल काढली.

‘काका, तुम्ही बाहेर बसा,’ त्या म्हणाल्या.

‘मी नेहमी आतच बसतो. मला हिचं सगळं ठाऊक आहे.’

‘म्हणूनच.’

मी बाहेर आलो. बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते.

‘तुम्हालाही हाकललं?’

‘हो.’

‘नवा नियम आहे बाईंचा. पेशंटशी एकटीनेच बोलणार. माझी बायको मघाशी आत जाऊन आली, आता रक्त द्यायला गेलीय. मला खात्री आहे, स्वतःचं सोडून माझीच तब्येत सांगितली असेल.’

मी हसलो. बायको बराच वेळ आत होती. एवढा वेळ ती काय सांगत असेल, हे मला सुचेना. चार म्हणायला कितीसा वेळ लागतो?

मग मला आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंच्या समोर जुनी फाइल उघडी होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. तो माझ्यावर होता की जुन्या डॉक्टरांवर, हे मला कळलं नाही.

‘ह्यांचं ऑपरेशन सात वर्षांपूर्वीच का नाही झालं?’

‘गरजच पडली नाही. फाइलमध्ये बघा, चार आहे.’

‘तेच बघतेय. प्रत्येक वेळी चार. चारला कोण ऑपरेशन करेल? आज त्यांनी नऊ सांगितलंय.’

‘काहीतरी चुकतंय,’ मी म्हणालो. ‘चार असणार.’

‘काका, मी त्यांना विचारलं. तुम्हाला नाही.’

बायको खिडकीकडे बघत होती. रुमालातून तिचा एकच डोळा दिसत होता.

डॉक्टरीणबाई मग जरा निवळल्या. त्यांनी समजावून सांगितलं. सात वर्षांपूर्वी ऑपरेशन सहज झालं असतं. मधल्या काळात हृदयाची झडप बिघडली आहे, एवढी मोठी भूल द्यायला आता कोणी तयार होणार नाही. सुईने नस जाळून बधिर करता येईल. कळ कमी होईल, पण अर्धा चेहराही बधिर होईल, आणि काही वर्षांनी कळ परतही येऊ शकते.

‘दुखणं मेंदूतच तयार होतं ना शेवटी?’ मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. बुडणारा माणूस काहीही धरतो तसं मी माझं पुस्तक धरलं असेन.

‘सगळंच मेंदूत तयार होतं. तुम्ही मला दिसताय तेही. म्हणून तुम्ही खोटे ठरत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आणि ते मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. विचारावंच लागतं. तेही एकटं गाठून.’

घरी येईपर्यंत टॅक्सीच्या काचा बंद होत्या. दार लावल्यावर मी विचारलं, ‘आज जास्त दुखतंय का?’

‘नाही. रोजच्याइतकंच.’

‘मग नऊ?’

तिने रुमाल सोडला, त्याची घडी घातली.

‘आज तुम्ही बाहेर होतात.’

मी खुर्चीत बसलो. ती उभीच राहिली.

‘म्हणजे चार कधीच नव्हता?’

‘असेल की. झोपेत.’

‘मग सांगितलास कशाला?’

‘पहिल्यांदा सात म्हटलं ना, तेव्हा खरंच सात होता. तुमचा चेहरा बघितला मी. आपल्या लग्नातसुद्धा तुम्ही इतके खूश दिसला नव्हतात. मग सहा म्हटलं. म्हटलं, आणखी थोडं कमी सांगितलं तर माझं काय जातंय? चारवर थांबले, कारण तीन कोणी खरं मानलं नसतं.’

‘पण निदान डॉक्टरांना तरी...’

‘शेजारी कोण बसायचं? पेन्सिल घेऊन?’ एवढं बोलल्यावर तिने गालाजवळ हात नेला, पण लावला नाही. थोडं थांबून हळू म्हणाली, ‘चारला ऑपरेशन करत नाहीत हे मला मागाहून कळलं. तोवर तुमचं पुस्तक छापायला गेलं होतं.’

मला राग आला. तो यायला नको होता, पण आला. मी म्हणालो, तू मला फसवलंस, मी तुझ्या आकड्यावर एक अख्खं प्रकरण उभं केलं, आता लोकांना काय तोंड दाखवू. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, ‘पहिला बाण मला लागला. दुसरा तुम्हाला लागू नये म्हणून मी मध्ये हात धरला. तुम्ही लिहिलंत, दुसरा बाण नाहीसा झाला म्हणून.’

आणि आत जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी मेहुणी आली. तिला बहिणीकडून सगळं कळलं होतं. चपला काढता काढताच तिने सुरुवात केली.

‘भावोजी, अख्ख्या घराला ठाऊक होतं. एक तुम्ही सोडून.’

‘मग मला कोणी सांगितलं का नाही?’

‘कोण सांगणार? तुम्ही दुखण्यावर पुस्तक लिहिलेले! काय ते प्रकरणात लिहिलंयत, साधनेने तिचं मौन वाढलं? अहो, तोंड उघडलं की झटका बसायचा तिला. फोनवर मी बडबडायची आणि ती हां, हूं करायची. मौन कसलं डोंबलाचं!’

‘हळू बोल, ती झोपलीय.’

‘झोपलीय? बघा बरं, ध्यान करत असेल.’

मेहुणी गेल्यावर मी सातवं प्रकरण काढून वाचलं. वाक्यं चांगली होती. ‘त्यांच्या हालचालींत संथपणा आला.’ गरगरतं म्हणून ती भिंत धरून चालत असे. ‘त्यांचा आहार मित झाला.’ चावता येत नव्हतं. ‘कळ येताना त्या डोळे मिटतात आणि निश्चल होतात.’ एकही गोष्ट मी खोटी लिहिली नव्हती. सगळं डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं.

त्या दिवसांत एक वाईट खोड मला लागली. जुनं काही आठवलं की त्यावर आकडा घालून बघायचो. माझ्या आईचं दोन वर्षं अंथरुणातलं सगळं हिने केलं, तेव्हा विचारलं तर म्हणायची, ‘काही नाही, होतं आपोआप.’ ते किती असेल? पोटातलं मूल राहिलं नाही तेव्हा दवाखान्यातून येताना म्हणाली होती, ‘मी बरी आहे, तुम्ही कामावर जा.’ मी गेलो होतो. ग्रंथालयात त्या दिवशी नवी कपाटं येणार होती. ते किती? आमच्या संसारातले सगळेच चार असे ओळीने उभे राहायला लागले, आणि खरा आकडा विचारायची मला हिंमत होईना.

एका दुपारी तिनेच विचारलं, ‘तुमच्या बुद्धांचं कधी काही दुखलं नाही का हो?’

‘दुखायचं ना. म्हातारपणी पाठ दुखायची.’

‘मग काय करायचे?’

‘एकदा सभा बसली होती. ते शिष्याला म्हणाले, माझी पाठ दुखतेय, मी जरा आडवा होतो, तू पुढे बोल.’

‘असं सगळ्यांसमोर म्हणाले?’

‘हो. तसं लिहून ठेवलंय.’

‘हे तुमच्या पुस्तकात मी नाही वाचलं.’

‘ते नव्हतं घातलं. विषयाच्या ओघात बसत नव्हतं.’

मलाच माझा आवाज ऐकू आला.

शिंप्याचं पत्र मात्र आता मला टेबलाशी बसू देईना. मी बायकोला म्हणालो, ‘मी त्याला खरं कळवतो.’

‘काय खरं?’

‘की तू कधीच चारवर नव्हतीस.’

‘म्हणजे मी सात वर्षं खोटं बोलत होते, असंच ना? माझ्या माहेरची माणसं तुमचं पुस्तक शोकेसमध्ये ठेवतात. ती बाई कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या तो शिंपी चार लोकांना सांगेल. तुमचं पुस्तक खोटं ठरेल ते ठरेल, मला कशाला उभी करता त्यात? लिहा, हल्ली वाढलंय म्हणून. तेही खोटं नाही.’

मला हायसं वाटलं. हे मी लपवून काय करू? पुस्तक बचावत होतं, बायकोची अब्रू राहत होती, आणि शिंप्यालाही सावध केल्यासारखं होत होतं. मी चांगलं लांबलचक उत्तर लिहिलं. व्यक्तीव्यक्तीत फरक असतो. अभ्यासातले साधक वर्षानुवर्षं मुरलेले असतात आणि त्यांचा चटका काही क्षणांचा असतो. नसेला रक्तवाहिनी घासत असेल तर गोष्ट वेगळी. पालीत वेदना ह्या शब्दात सुखाची जाणीवही धरतात, अशी एक तळटीपही घातली. तळटीप घातल्याशिवाय माझं मन शांत होत नाही.

पाकिटात घालण्याआधी मी ते बायकोला वाचून दाखवायला बसलो. तिच्याविषयी होतं, तिने ऐकायला हवं होतं. ती समोर खुर्चीत, रुमाल मानेवर सैल टाकून बसली होती.

‘...त्या बाईंना कित्येक वर्षं ह्या साधनेचा चांगला उपयोग झाला,’ मी वाचलं, ‘तथापि अलीकडे त्यांचं दुखणं...’

तिला काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले आणि कळ आली.

मी ती शेकडो वेळा पाहिली होती, पण पेन्सिलीच्या पलीकडून. ह्या वेळी हातात नुसता कागद होता. तिचा अर्धा चेहरा मुठीत धरून पिळल्यासारखा वर ओढला गेला. डोळ्यातून पाणी आलं, एकाच डोळ्यातून. हात गालापर्यंत जाऊन हवेत थांबला, कारण स्वतःच्या बोटांचाही स्पर्श सोसणार नव्हता. ती हलली नाही, कण्हली नाही. संपली असं वाटलं तोच दुसरी आली, मग तिसरी. निश्चल. हाच शब्द मी छापला होता. मी उठलो तर तिने दुसऱ्या हाताने नको अशी खूण केली. उठल्याने हवा हलली असती. मी अर्धवट उठलेला तसाच थांबलो, आणि मला एकही वचन, एकही संशोधन आठवलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने श्वास सोडला.

‘ते खोडा,’ ती म्हणाली. ओठ न हलवता बोलत होती.

‘काय?’

‘चांगला उपयोग झाला, ते.’

‘तूच म्हणालीस, हल्ली वाढलंय लिहा म्हणून.’

‘म्हणाले. त्या ताईंचं वय काय असेल?’

‘त्याने लिहिलेलं नाही. चाळिशीच्या पुढे नसाव्यात, पत्रावरून वाटतं.’

‘म्हणजे हृदय चांगलं असेल अजून.’ ती थांबली. बोलण्याचं तिला भय वाटत होतं, ते मला पहिल्यांदाच दिसत होतं. ‘कित्येक वर्षं उपयोग झाला असं वाचलं, तर तीही कित्येक वर्षं बसेल. भावाला सांगेल, चारवर आहे म्हणून. तुम्हाला नाही कळायचं ते. ती सांगेलच.’

मी दोन्ही पानं फाडली. नवा कागद घेतला आणि लिहिलं, ‘माझ्या पुस्तकातला आकडा चुकीचा आहे. दोष सर्वस्वी माझा...’

‘काय लिहिलंत?’

मी वाचून दाखवलं.

‘ती खोटं सांगत होती, असं लिहा.’

‘ते नको. चूक माझी आहे. मी समोर बसून...’

‘अहो, सगळं तुम्हीच घेऊ नका. माझं खोटं तरी मला राहू द्या. आणि दोन ओळी मागितल्यात त्याने, तुम्ही परत प्रकरण पाठवाल.’

दोन ओळींवर आम्ही दुपारभर भांडलो. इतकं आम्ही कधी भांडलो नव्हतो. ती मध्येच कळ आली की थांबायची, मी थांबायचो, मग पुढे. मला ‘बहुधा’ घालायचं होतं. तिने काढायला लावलं. मला क्षमा मागायची होती. ती म्हणाली, त्याला तुमची क्षमा नकोय, त्याला बहिणीला कुठे न्यायचं ते हवंय. शेवटी राहिलं ते असं:

‘ती बाई चारवर कधीच नव्हती, नवरा समोर बसायचा म्हणून ती चार सांगत होती, आणि मी ते छापलं. तिच्या ऑपरेशनची वेळ निघून गेली आहे. ताईंना लवकर सर्जनकडे न्या, आणि किती दुखतं ते विचाराल तेव्हा तुम्हीसुद्धा खोलीबाहेर थांबा.’

शेवटचं अर्धं वाक्य तिचं. मी खाली सही केली. तूही करतेस का, असं तिला विचारणार होतो. पण ती डोळे मिटून बसली होती, आणि मी आता त्या मिटण्याला काही म्हणत नाही. सुईने नस जाळायला तिने होकार दिलाय. अर्धा चेहरा बधिर होईल तर होऊ दे म्हणाली. त्या दिवशी मी बाहेर बसणार आहे. मला क्षमा केली का, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारलं तर ती हो म्हणेल, आणि त्या होचं काय करायचं ते मला ठाऊक नाही.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट हातावर तोलून पाहिलं.

‘साधं पाठवायचंय?’

‘जे आधी पोचेल ते.’

त्यांनी तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.